भाताच्या शेतांतील रणभूमी : कुंभकोणम् परिसराचा एक वेगळा प्रवास

कुंभकोणम् म्हटले की मराठी प्रवाशाच्या डोळ्यांसमोर मंदिरांची गोपुरे, महामहम तीर्थ, पितळी पेल्यातील वाफाळती कॉफी आणि विड्याची पाने उभी राहतात. रजा-प्रवास सवलतीचा लाभ घेऊन दक्षिणेकडे निघालेली अनेक कुटुंबे तंजावर, कुंभकोणम् आणि रामेश्वर असा क्रम आखतात व दोन दिवसांत आठ-दहा देवळे पाहून पुढच्या गाडीत बसतात. मात्र याच देवळांच्या अवतीभोवती, भाताच्या हिरव्यागार खाचरांखाली, दक्षिण भारताच्या इतिहासाला कलाटणी देणाऱ्या रणभूमी दडलेल्या आहेत. त्यांतील काहींशी मराठ्यांच्या इतिहासाचा थेट संबंध आहे. त्या पाहण्यासाठी तिकीट लागत नाही आणि बहुतेक ठिकाणी फलकही आढळत नाही. मागील इतिहास ठाऊक असेल तरच त्या दिसतात.

रणभूमीचे उद्यान आणि रणभूमीचे शेत

जगात अनेक ठिकाणी रणभूमी जतन करण्याची रीत आहे. अमेरिकेतील यादवी युद्धात १८६३ साली जेथे निर्णायक लढाया झाल्या, त्या गेटिसबर्ग व व्हिक्सबर्ग येथे विस्तीर्ण लष्करी उद्याने आहेत. तेथे तोफा जागच्या जागी मांडल्या आहेत आणि कोणती पलटण कोठे उभी होती हे सांगणारे दगड रोवले आहेत. आपल्याकडे १४ जानेवारी १७६१ च्या संग्रामाची आठवण म्हणून पानिपतजवळ काला आंब येथे स्मारकस्तंभ व उद्यान आहे. तेथे गेलेल्या मराठी माणसाचा कंठ दाटून येतो, कारण जागा दाखवणारी खूण तेथे उभी आहे.

कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात असे झाले नाही. येथील जमीन एक हंगामही पडीक ठेवण्याजोगी नाही. लढाई संपली, प्रेतांना अग्नी वा माती मिळाली आणि पुढच्या पाण्याबरोबर पुन्हा नांगर चालू लागले. नदीच्या गाळाचे थर दरवर्षी वर चढत गेले. त्यामुळे येथे मोर्चे, खंदक किंवा छावण्यांच्या खुणा शोधून सापडत नाहीत. इतिहास उरला आहे तो गावांच्या नावांत, देवळांत, ताम्रपटांत आणि पत्रांत.

मग एवढ्या लढाया येथेच का झाल्या, याचे उत्तर याच शेतांत आहे. कल्लणैच्या प्राचीन बंधाऱ्यापासून समुद्रापर्यंत कावेरी अनेक फाट्यांनी पसरते आणि तिचे पाणी पाटांनी शेतोशेती पोहोचते. दुष्काळी मुलखातून आलेल्या सैन्याला येथे हमखास धान्य व वैरण मिळत असे. ज्याच्या हाती हा मुलूख, त्याच्या हाती दक्षिणेची कोठारे. कुंभकोणम्‌च्या उत्तरेस वाहणारी कोळ्ळिडम ही कावेरीची सर्वांत मोठी शाखा या कोठाराची नैसर्गिक तटबंदी होती. इंग्रजी कागदपत्रांत तिचे नाव ‘कोलरून’ असे आढळते. उत्तरेकडून येणारे प्रत्येक सैन्य या नदीच्या काठी येऊन थबके. म्हणूनच या नदीच्या दोन्ही तीरांवर इतिहासाची इतकी गर्दी आहे.

तिरुप्पुरंबियम : साक्षीनाथाचे गाव

कुंभकोणम्‌पासून सुमारे दहा किलोमीटरवर, कावेरी व कोळ्ळिडम यांच्या दरम्यान, तिरुप्पुरंबियम नावाचे लहानसे गाव आहे. इसवी सन ८८० च्या सुमारास येथे दक्षिणेतील तीन-चार राजसत्ता एकमेकींना भिडल्या. एका बाजूस पांड्य राजा दुसरा वरगुण होता. दुसऱ्या बाजूस पल्लव राजा अपराजित, त्याचा मित्र गंग राजा पहिला पृथ्वीपती आणि तेव्हा पल्लवांचा मांडलिक असलेला चोळ राजा पहिला आदित्य हे होते. पांड्यांचा पराभव झाला, परंतु त्या दिवशी गंग राजा पृथ्वीपती धारातीर्थी पडला.

ही हकीकत कळते ती पृथ्वीपतीच्याच वंशजाने दहाव्या शतकात दिलेल्या उदयेंदिरम येथील ताम्रपटावरून. आपल्या मित्राचे ‘अपराजित’ हे नाव पृथ्वीपतीने स्वतःचे प्राण देऊन सार्थ केले, असा त्या लेखाचा आशय आहे. लढाईचा खरा लाभ मात्र तिसऱ्यालाच झाला. पांड्य खचले आणि पल्लवही थकले. काही वर्षांतच आदित्य चोळाने त्याच अपराजिताला पदच्युत करून पल्लवांचा मुलूख आपल्या राज्यास जोडला. पुढे राजराज व राजेंद्र यांच्या काळात ज्या चोळ साम्राज्याची आरमारे समुद्रापार गेली, त्याची पायाभरणी या शेतांत झाली, असे म्हणण्यास हरकत नाही.

गंग घराणे मराठी वाचकाला अगदीच अपरिचित नाही. श्रवणबेळगोळच्या ज्या गोमटेश्वराच्या पायाशी प्राचीन मराठीतील प्रसिद्ध लेख आहे, तो घडवणारा चावुंडराय हा गंगांचाच मंत्री होता. कर्नाटकाच्या पठारावरील या घराण्याचा एक राजा मित्रासाठी कावेरीकाठी येऊन कामी आला.

गावातील शिवालयात देवाचे नाव साक्षीनाथ आहे. त्यामागील कथा बँकेच्या व्यवहाराशी परिचित असलेल्यांना विशेष रुचेल. एका व्यापाऱ्याची पोरकी मुलगी आपल्या नातलगाबरोबर मदुरैकडे निघाली असता या गावी त्याला सर्पदंश झाला. ईश्वरकृपेने तो वाचला आणि दोघांचा विवाह येथेच झाला. पुढे मदुरैत त्या विवाहाविषयी शंका घेतली गेली. साक्षीदार कोण, असे विचारताच मुलीने शमीचे झाड, विहीर आणि शिवलिंग ही तीन नावे सांगितली, आणि तिघांनीही मदुरैत प्रकट होऊन साक्ष दिली, अशी श्रद्धा आहे. ज्या गावातील झाडाने व विहिरीने साक्ष दिली, त्याच गावात एका मोठ्या युद्धाला मात्र दूरच्या ताम्रपटाखेरीज फारसा साक्षीदार उरलेला नाही.

येथील गणपतीही प्रसिद्ध आहे. प्रलयापासून रक्षण करणारा विनायक असे त्याचे नाव असून विनायक चतुर्थीच्या रात्री त्याला मधाचा अभिषेक होतो. वर्षातून ही एकच रात्र. अर्पण केलेला मध मूर्तीतच मुरतो, असे भाविक सांगतात.

वीरगळ आणि पळ्ळिप्पडै

महाराष्ट्रात गावोगावी वेशीवर किंवा देवळाच्या आवारात वीरगळ दिसतात. खालच्या कप्प्यात लढणारा वीर, मधल्या कप्प्यात त्याला स्वर्गी नेणाऱ्या अप्सरा आणि वरच्या कप्प्यात शिवलिंगाची पूजा करणारा तोच वीर, अशी त्यांची रचना असते. तमिळ प्रदेशात अशा शिळांना ‘नडुकल’ म्हणजे रोवलेला दगड म्हणतात. गुरे राखताना वा गाव वाचवताना पडलेल्या साध्या माणसांसाठीही असे दगड उभारले जात.

राजासाठी याहून मोठे स्मारक असे. मृत राजाच्या अवशेषांवर किंवा त्याच्या स्मरणार्थ बांधलेल्या शिवालयास ‘पळ्ळिप्पडै’ म्हणतात. आपल्याकडील समाधिमंदिराशी त्याचे साम्य आहे. तिरुप्पुरंबियमच्या शिवारातील एक लहानसे देऊळ हे पृथ्वीपतीचे पळ्ळिप्पडै असल्याचे परंपरा सांगते. ‘कल्की’ कृष्णमूर्ती यांनी १९५० ते १९५४ या काळात क्रमशः लिहिलेल्या ‘पोन्नियिन सेल्वन’ या कादंबरीत याच जागी कटवाल्यांची गुप्त बैठक रंगवली आहे. त्यामुळे तमिळ वाचकांची पावले इकडे वळू लागली. गवतातील दगड लोकांच्या मनात जागा ठेवण्याचे काम अनेकदा कादंबरीकार करतो, हा अनुभव महाराष्ट्रालाही नवा नाही.

कोळ्ळिडमच्या काठी दोन भाऊ

मराठी मनाला सर्वाधिक चटका लावणारी जागा कोळ्ळिडमच्या उत्तर तीरावर, आजच्या अरियलूर जिल्ह्यात आहे. तिचे नाव तिरुमळपाडी. मराठी बखरींच्या वाचकांना ती ‘तिरुमलवाडी’ म्हणून ठाऊक असेल. दक्षिण दिग्विजयाच्या मोहिमेत १६७७ च्या जुलै महिन्यात छत्रपती शिवाजी महाराजांचा तळ येथे पडला होता. तंजावरवर नुकतेच राज्य स्थापन केलेले त्यांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे नदी ओलांडून भेटीस आले. प्रारंभीचे दिवस आनंदात गेले. नंतर शहाजीराजांच्या दौलतीतील निम्म्या वाट्याचा विषय निघाला. व्यंकोजीराजांचे मन शंकित झाले आणि एका रात्री ते तराफ्यावरून नदी पार करून तंजावरास निघून गेले.

ही घटना समजून घेण्यास नदीकाठी उभे राहणे उपयोगी ठरते. कावेरीचा उगम कोडगूमध्ये, सह्याद्रीच्या रांगेत आहे. जूनमध्ये तेथे कोसळू लागलेला पाऊस जुलै-ऑगस्टमध्ये या सपाट प्रदेशात पूर घेऊन येतो. मेट्टूरचे धरण १९३४ साली पूर्ण झाले. १६७७ साली या पुराला अडवणारे मोठे धरण नव्हते. भर पावसाळ्याच्या दिवसांत, रात्रीच्या अंधारात, एका राजाने तराफ्यावर बसून ही रुंद नदी ओलांडली. त्याच्या मनातील धास्ती केवढी असेल, याची कल्पना पात्र पाहिल्यावरच येते. महाराजांनी पाठलाग करून भावाला पकडले नाही. उत्तरेकडील जिंकलेल्या मुलखाची व्यवस्था लावून ते परतीच्या मार्गाला लागले.

त्याच वर्षी नोव्हेंबरात कोळ्ळिडमच्या उत्तरेस, वालिकंडपुरमच्या परिसरात व्यंकोजीराजांचे सैन्य आणि महाराजांनी मागे ठेवलेले सैन्य यांच्यात लढाई झाली. महाराजांच्या बाजूचे नेतृत्व शहाजीराजांचेच आणखी एक पुत्र संताजी भोसले यांच्याकडे होते. दिवसा व्यंकोजीराजांची सरशी झाली. पण त्यांचे सैन्य विसावल्यावर संताजींनी रात्री उलट हल्ला चढवून बाजी पालटवली. एकाच पित्याचे पुत्र, एकच भाषा, एकच भगवा, आणि तरीही मराठ्यांचे रक्त मराठ्यांनीच सांडले.

शेवट मात्र समेटात झाला. रघुनाथपंत हणमंते यांनी मध्यस्थी केली आणि व्यंकोजीराजांच्या पत्नी दीपाबाई यांनी शहाणपणाने पतीचे मन वळवले. महाराजांनी बंगळूर व आसपासचा मुलूख दीपाबाईंना चोळीबांगडीसाठी दिला आणि पराभवाने खिन्न झालेल्या धाकट्या भावाला उमेद धरण्याचा उपदेश करणारे पत्रही लिहिले. तंजावरचे मराठी राज्य पुढे १८५५ पर्यंत टिकले, यामागे त्या समेटाचे मोल फार मोठे आहे. तिरुमळपाडीस भेट देणाऱ्याने वैद्यनाथाचे प्राचीन देऊळ पाहावे आणि मग नदीच्या वाळूत थोडा वेळ बसावे.

अण्णागुडी : नद्यांवरचा फसवा भरवसा

याच परिसराने आणखी एक लढाई पाहिली ती १८ फेब्रुवारी १७८२ रोजी. हैदर अलीने १७८१ मध्ये तंजावरच्या मुलखात धुमाकूळ घातला होता. इंग्रजांचा कर्नल ब्रेथवेट हा सुमारे १०० गोरे शिपाई, १५०० देशी शिपाई, ३०० स्वार आणि काही तोफा घेऊन कुंभकोणम्‌नजीक अण्णागुडी येथे कोळ्ळिडमच्या बाजूस तळ देऊन होता. शत्रू दूर आहे आणि मध्ये मोठमोठ्या नद्या आहेत, तेव्हा अचानक हल्ला होणार नाही, असा त्याचा हिशेब होता.

परंतु येथील नद्या ऋतूप्रमाणे स्वभाव बदलतात. पावसाळ्यात तटबंदी असलेली नदी फेब्रुवारीत वाळूचा रुंद रस्ता होऊ लागते. कापणी झालेली भाताची खाचरेही तोवर कोरडी पडू लागलेली असतात आणि घोडदळास मोकळे रान मिळते. टिपू सुलतान मोठे घोडदळ, पायदळ व लालीच्या हाताखालील फ्रेंच तुकडी घेऊन अनपेक्षितपणे चालून आला. ब्रेथवेटच्या सैनिकांनी पोकळ चौकोन रचला, बाजूंवर तोफा मांडल्या आणि स्वारांना मध्ये घेतले. एका दिवसाहून अधिक काळ त्यांनी झुंज दिली. अखेर चौकोन फुटला व उरलेल्यांना शरणागती पत्करावी लागली. त्यांची कत्तल थांबवण्यास लालीने पुढाकार घेतला, अशी नोंद आहे.

त्या चौकोनातील बहुसंख्य शिपाई याच दक्षिण देशाचे रहिवासी होते. इतिहासग्रंथांत कर्नलचे नाव आले. शिपायांची नावे आली नाहीत, आणि त्यांच्यासाठी वीरगळही उभारले गेले नाहीत.

मनोरा : दुसऱ्याच्या विजयाचे स्मारक

वेळ हाताशी असल्यास तंजावरच्या दक्षिणेस, पट्टुक्कोट्टैच्या पुढे समुद्रकाठी असलेला मनोरा अवश्य पाहावा. सरबेंद्रराजपट्टणम येथील हा षट्कोनी, आठ मजली बुरूज दुसऱ्या सरफोजीराजांनी १८१४-१५ च्या सुमारास बांधला. भोवती तट व खंदक आहे. नेपोलियनवर इंग्रजांनी मिळवलेल्या विजयाचे हे स्मारक आहे.

ही वास्तू पाहताना मन द्विधा होते. सरफोजीराजे विद्वान, गुणग्राही व दूरदृष्टीचे होते. सरस्वती महाल ग्रंथालयाचा त्यांनी केलेला विस्तार आणि बृहदीश्वराच्या भिंतींवर १८०३ साली मराठीत कोरवलेला भोसले वंशाचा विस्तृत इतिहास ही त्यांची अमर कामे होत. पण १७९९ च्या तहाने राज्यकारभार इंग्रजांकडे गेला होता आणि राजांच्या हाती तंजावरचा किल्ला व आसपासचा थोडा प्रदेश एवढेच उरले होते. सैन्य नसलेल्या मराठी राजाने युरोपातील परक्या युद्धाचे विजयस्मारक बांधले. ज्या नदीकाठी त्यांचे पूर्वज लढले व पुन्हा एक झाले, तेथे मात्र तसा बुरूज उभा राहिला नाही. बुरूज परक्याच्या विजयाला आणि घराण्याची कहाणी देवळाच्या भिंतीला, अशी ही वाटणी झाली. त्यातील देवळाच्या भिंतीवरील अक्षरेच आज मराठी माणसाला अधिक जवळची वाटतात, हे नमूद करण्याजोगे आहे.

परिसर आणि माणसे

या स्थळांच्या दरम्यानचा ग्रामीण प्रदेश हाच या प्रवासाचा खरा आनंद आहे. कुंभकोणम्‌पासून चार किलोमीटरवर दारासुरम येथे दुसऱ्या राजराज चोळाने बाराव्या शतकात बांधलेले ऐरावतेश्वराचे देऊळ आहे. २००४ साली त्याचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाला. घोडे ओढत असलेल्या रथाच्या रूपातील त्याचा मंडप पाहून चोळांच्या सैन्यवैभवाची कल्पना येते. स्वामीमलै येथे कावेरीच्या बारीक गाळाचा साचा करून, मेणाची आकृती वितळवून पंचधातूच्या मूर्ती ओतल्या जातात. ज्या गाळाने रणभूमी झाकल्या, त्याच गाळातून येथे देव घडतात. उत्तरेस अणैक्करै येथे सर आर्थर कॉटन यांनी १८३६ च्या सुमारास बांधलेला कोळ्ळिडमवरील बंधारा लागतो आणि त्यावरून पुढे गंगैकोंडचोळपुरम या राजेंद्र चोळाच्या राजधानीकडे रस्ता जातो.

कुंभकोणम् शहरातही मराठीच्या खुणा आहेत. त्रावणकोर, इंदूर व बडोदा या संस्थानांचे दिवाण म्हणून गाजलेले सर टी. माधवराव यांचा जन्म १८२८ साली येथील तंजावरी मराठी कुटुंबात झाला. अशा कुटुंबांच्या घरी जुन्या वळणाची मराठी आजही कानी पडते. येथील भजनपरंपरेत मराठी अभंग प्रेमाने गायले जातात आणि जवळच्या गोविंदपुरम येथे विठ्ठल-रखुमाईचे भव्य मंदिर आहे. बँक क्षेत्रातील वाचकांसाठी आणखी एक नोंद अशी, की १९०४ साली ‘कुंभकोणम् बँक’ म्हणून सुरू झालेल्या आणि आज सिटी युनियन बँक या नावाने परिचित असलेल्या बँकेचे मुख्यालय याच शहरात आहे. सुपीक शेती, धान्याचा व्यापार आणि पेढी यांचे नाते येथे सहज उमगते.

प्रवासाची आखणी

कुंभकोणम् हे चेन्नई-तंजावर रेल्वेमार्गावरील स्थानक असून तंजावरहून ते सुमारे चाळीस किलोमीटर आहे. विमानाने येणाऱ्यांना तिरुचिरापल्ली सोयीचे पडते. ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात ईशान्य मोसमी पाऊस असतो. जानेवारी-फेब्रुवारीत हवा सुखद असते आणि पोंगलच्या सुमारास भाताची कापणी पाहावयास मिळते. देवळे दुपारी बारा ते चार बंद राहतात. म्हणून सकाळी तिरुप्पुरंबियम व स्वामीमलै, दुपारी विश्रांती आणि संध्याकाळी दारासुरम असा पहिला दिवस ठेवावा. दुसऱ्या दिवशी तिरुमळपाडी व कोळ्ळिडमचा काठ, तर तिसऱ्या दिवशी तंजावरचे बृहदीश्वर मंदिर व सरस्वती महाल पाहावा. मनोऱ्यासाठी स्वतंत्र दिवस हवा. बारा वर्षांनी येणारे महामहम पर्व २०२८ मध्ये आहे. त्या काळात निवासाची सोय फार आधी करावी लागेल.

शिवारात फिरताना बांध तुडवू नयेत आणि विचारल्याशिवाय उभ्या पिकात शिरू नये. ‘अय्या’, ‘अम्मा’ अशी आदराने हाक मारून रस्ता विचारल्यास शेतकरी स्वतः पुढे होऊन वाट दाखवतात. पळ्ळिप्पडैसारख्या जुन्या वास्तूंवर नावे कोरणे, दगड हलवणे वा दिव्याचे तेल सांडणे कटाक्षाने टाळावे. अशा वास्तूंची खरी राखण प्रवाशांच्या संयमावरच अवलंबून असते.

पानिपतावर स्तंभ आहे म्हणून आपण तेथे नतमस्तक होतो. कोळ्ळिडमच्या काठी स्तंभ नाही, तरी तेथेही माणसे लढली आणि पडली. तिरुप्पुरंबियमला मित्राने मित्रासाठी प्राण दिले आणि वालिकंडपुरमला भावांनी एकमेकांवर शस्त्र धरले. पुढे एका पत्राने व एका सुज्ञ स्त्रीच्या बोलण्याने तुटलेले घर पुन्हा सांधले गेले. कुंभकोणम्‌हून निघताना भाताच्या शेतांकडे एकवार वळून पाहावे. तेथे स्मारकाचा दगड नसला, तरी ही हकीकत ठाऊक असलेल्या प्रवाशाला ते शेत पूर्वीसारखे नुसते शेत वाटणार नाही.